दशांशपंत

सकाळी पावणेनऊच्या सुमाराला हेगच्या मध्यवर्ती स्टेशनासमोर उभं राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांतून खासदार ओळखून दाखवा. आपल्याकडचा भलाभला कार्यकर्ता इथे नापास होईल. सायरन नाही, पांढरी गाडी नाही, मागे झेरॉक्सची फाईल छातीशी धरून धावणारे चौघे नाहीत. असते ती एक सायकल. तिच्यावर उंच, खांद्यात किंचित वाकलेला एक माणूस. पॅन्टच्या उजव्या पायाला चिमटा, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, डावीत कागद, उजवीत डबा. तो सायकलीला दोन कुलपं घालतो (देश कितीही सुधारलेला असला तरी सायकली चोरीला जातातच), चष्म्यावरचा पाऊस पुसतो आणि परराष्ट्र खात्याच्या जुन्या इमारतीत शिरतो. 2021 पासून नेदरलँड्सचे खासदार तिथेच बसतात, कारण त्यांच्या मूळ वास्तूची, बिनेनहोफची, दुरुस्ती चालू आहे. 475 दशलक्ष युरोत व्हायची होती ती. अंदाज पुढे दोन अब्जांच्या घरात गेला. हा विषय त्या माणसापुढे काढू नये, चेहरा पडतो.

याला मी दशांशपंत म्हणतो. पंत म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. खालच्या सभागृहात, म्हणजे ट्वेडे कामरमध्ये, दीडशे जण बसतात. त्यांतले रोज टीव्हीवर ओरडणारे पाच-पंचवीस सोडले तर उरलेल्यांत पंतांचा अंश कमीजास्त सापडतोच. पक्ष उजवा असो, डावा असो, की प्राण्यांच्या हक्कांसाठी काढलेला असो (असाही एक आहे, आणि त्याचे खासदार निवडून येतात), पंतांना टक्केवारी दशांशचिन्हाशिवाय उच्चारता येत नाही. 'महागाई तीन टक्के' असं कुणी म्हणालं की ते खुर्चीत चुळबुळतात. 'तीन पूर्णांक तीन' ऐकलं की निवांत होतात.

पंतांना मतदारसंघ नाही, ही आपल्या लोकांना न पटणारी गोष्ट आहे. सगळा देश मिळून एकच मतदारसंघ. देशभरात पडलेल्या मतांपैकी 0.67 टक्के मिळाली की पक्षाची एक जागा. पंतांच्या शब्दांत, 'पूर्णांक शून्य, दशांश सहा सात.' त्यामुळे पक्ष भाराभर. 2023 च्या निवडणुकीत सव्वीस पक्ष आणि हजारावर उमेदवार एकाच मतपत्रिकेवर होते. ती मतपत्रिका धुतलेल्या धोतरासारखी उलगडावी लागते आणि त्यातला एक गोल लाल पेन्सिलीने रंगवावा लागतो. अशा व्यवस्थेत पंत कुणाचेच नसतात. त्यांनी कुणाच्या बारशाला जायचं नाही, हायमास्ट दिवा बसवायचा नाही, तहसीलदाराला फोन करायचा नाही. सकाळी दारात रांग नाही. मग हा माणूस दिवसभर करतो काय?

वाचतो. पंतांना मतदारसंघाऐवजी विषय असतो. पक्ष त्यांना सांगतो, तुम्ही अर्थसंकल्प बघा. दोन वर्षांनी सांगतो, आता आरोग्य बघा. मग ऊर्जा. पक्ष लहान असेल तर तिन्ही एकदमच, शिवाय मासेमारी आणि ग्रंथालयं. पंत त्या विषयात बुडून जातात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतात. ब्रेडचे दोन तुकडे, मध्ये चीझचा एक काप, सोबत ग्लासभर ताक. ताक बघून मला पहिल्यांदा फार आपलेपणा वाटला होता, पण त्याला ना जिरं ना मीठ ना कोथिंबीर. ताक पीत पीत पंत परिशिष्ट वाचतात.

त्यांचा सणांचा सण सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी असतो. प्रिन्सयेसदाख. राजा काचेच्या बग्गीतून येतो, सरकारने लिहून दिलेलं भाषण वाचतो, शेवटी सगळे उभे राहून राजाचा तीनदा जयजयकार करतात. बायका मोठमोठ्या टोप्या घालून येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अर्थसंकल्पाइतकीच जागा टोप्यांना मिळते. दुपारी अर्थमंत्री एक छोटी पेटी घेऊन सभागृहात येतात. पेटीवर 'सप्टेंबरचा तिसरा मंगळवार' असं लिहिलेलं. 1947 मध्ये लिफ्टिंक नावाच्या अर्थमंत्र्यांनी ही प्रथा सुरू केली. पेटीत अर्थसंकल्प असतो, आणि तो फुटून चार दिवस आधीच सगळ्या वर्तमानपत्रांत आलेला असतो. तरीही पेटी उघडताना पंत मान पुढे काढून बघतात. त्यांची यावरची श्रद्धा मला हेलावून टाकते.

आकडा लहान नसतो. 2025 च्या अर्थसंकल्पात खर्च होता 457 अब्ज युरोच्या आसपास. रुपयांत चाळीस लाख कोटींच्या वर. भारताच्या केंद्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प 50.65 लाख कोटींचा, तो एकशे चाळीस कोटी माणसांसाठी. इथे माणसं पावणेदोन-एक कोटी. एवढ्या पैशाचं काय करतात, असं मी पंतांना विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पुरत नाहीत."

पण त्यांचं मन रमतं ते अब्जांत नाही, क्रयशक्तीच्या तक्त्यांत. सरकारचं एक नियोजन कार्यालय आहे, सेंट्राल प्लानब्यूरो. 1945 मध्ये स्थापन झालं. पहिले संचालक यान टिनबर्गेन, ज्यांना 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं (दोघांत मिळून, हे पंत आवर्जून सांगतात). हे कार्यालय अर्थसंकल्प कुणाला किती फळणार याचे तक्ते काढतं. नोकरदार, निवृत्त, एकटा, दुकटा, दोन मुलांचा. समजा, तक्त्यात आलं की पुढल्या वर्षी मध्यम घराची क्रयशक्ती 0.7 टक्क्यांनी वाढणार. झालं! दोन दिवस आणि एक रात्र संसदेत रणधुमाळी. पेन्शनरांना 0.4 च का? 0.5 का नाही? पंत माईकपाशी जातात, प्रत्येक वाक्य 'अध्यक्ष महोदय'ने सुरू करतात आणि एका दशांशासाठी चाळीस मिनिटं भांडतात. बाहेर ज्याच्यासाठी भांडण चाललंय तो पेन्शनर बाजारात हेरिंग मासा शेपटीला धरून तोंडात सोडत असतो. त्याला 0.1 ची खबरही नसते.

या कार्यालयाबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे कुणाचा विश्वास बसणार नाही. निवडणुकीआधी पक्ष आपापला जाहीरनामा आपणहून या कार्यालयाकडे तपासायला देतात. 1986 पासून ही रीत आहे. तुम्ही म्हणता अमुक फुकट देऊ. बरं, तूट किती वाढेल, नोकऱ्या किती जातील, दशांशासह हिशेब येतो आणि छापला जातो. भर प्रचारात! मी पंतांना आमच्याकडच्या योजना सांगितल्या. बहिणींना महिना दीड हजार, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. पंतांना योजना आवडल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच शब्द विचारला, "डेक्किंग?" म्हणजे, पैसे कुठून? हा त्यांचा जपाचा मंत्र आहे. मी त्यांना पुरवणी मागण्या ही संकल्पना समजावून सांगितली. वर्षभराचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडायचा, मग जूनमध्ये आणखी थोडं मागायचं, मग नागपूरच्या थंडीत आणखी. पंतांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी.

काटकसर त्यांच्या रक्तात आहे आणि तिच्या कथाही आहेत. 1948 ते 1958 पंतप्रधान असलेले विलेम ड्रेस यांच्याकडे म्हणे मार्शल मदतीचे अमेरिकन अधिकारी आले, तेव्हा त्यांच्या बायकोने चहाबरोबर एकेक साधं बिस्कीट दिलं. ज्या देशाचा पंतप्रधान पाहुण्याला एकच बिस्कीट देतो तिथे आपले पैसे वाया जाणार नाहीत, अशी त्या अधिकाऱ्यांची खात्री पटली. खरं-खोटं देव जाणे. पण पंत ही कथा सांगतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. आम्हां मराठी माणसांना त्यात पुण्याचा वास येतो, तो विषय वेगळा.

तर अशा पंतांना आम्ही एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला बोलावलं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं, निवेदिकेला 'संसदेतले सन्माननीय' वगैरे दोन पानी परिचय लिहून दिला होता. पंत सायकलवरून आले, बाहेरच्या रांगेत बूट काढले आणि आरतीला मागच्या ओळीत उभे राहिले. टाळ हातात दिला तर तो ठेक्यात वाजवला, हे कबूल करायला हवं. सत्काराच्या वेळी शाल खांद्यावर पडते न पडते तोच त्यांनी कोषाध्यक्षांना हळूच विचारलं, "ही केवढ्याची?" कोषाध्यक्ष भाबडे. अभिमानाने म्हणाले, "पंचावन्न युरो. पैठणीचा काठ आहे." पंतांनी शाल काढली, नीट घडी केली आणि परत दिली. पन्नास युरोंच्या वरची भेट खासदाराला संसदेच्या नोंदवहीत जाहीर करावी लागते. नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला. सुरिनामी दुकानात तो दोन युरोंना मिळतो, हे त्यांना माहीत होतं.

जेवणाच्या रांगेत ते माझ्या आईच्या मागे उभे होते. आई मिरजेची. मिरजेच्या माणसाचं दवाखान्यांविषयी एक ठाम मत असतं, कारण तिथे दगड मारला तर तो डॉक्टरला नाही तर डॉक्टरच्या मेहुण्याला लागतो. कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट येतात. आईने इथल्या आरोग्यव्यवस्थेचा महिनाभर अभ्यास केला होता आणि आता तिला जबाबदार माणूस सापडला होता.

"हे बघा भाऊसाहेब," आई म्हणाली, मी मध्ये भाषांतर करत होतो, "आमच्या सूनबाईचा घसा बसला. डॉक्टरांनी काय दिलं? पॅरासिटामॉल. नातवाला ताप. पॅरासिटामॉल. शेजारच्या बाईंचा गुडघा. पॅरासिटामॉल. मग शिकतात काय एवढी वर्षं?"

पंतांनी मसालेभाताची बशी सावरली. इथे आधी घरच्या डॉक्टरकडेच जावं लागतं, तज्ज्ञाकडे परस्पर जाता येत नाही, आणि त्यामुळेच खर्च आटोक्यात राहतो, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर भेटतो दहा मिनिटं. दुखणं एक असेल तर एक अपॉइंटमेंट, दोन असतील तर जास्त वेळ आधीच मागून घ्यायचा. आईने विचारलं, "आणि पोट का दुखतंय तेच कळत नसेल तर?" पंत विचारात पडले. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपलं.

मग निघाला 385 युरोंचा विषय. इथे 2006 पासून प्रत्येक प्रौढ माणसाला खासगी कंपनीचा आरोग्यविमा घ्यावाच लागतो. कंपनीला मूळ विमा कुणालाच नाकारता येत नाही, म्हातारा असो की मधुमेही, हप्ता तोच. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल पंतांना मी मनापासून नमस्कार करतो. हप्ता 2025 मध्ये महिना दीडशे युरोंच्या वर होता. पण वर्षातला पहिला काही खर्च ज्याचा त्याने करायचा, त्याला म्हणतात आयखन रिसिको. 2008 मध्ये तो दीडशे युरो होता. 2013 मध्ये साडेतीनशे झाला, 2016 मध्ये 385, आणि तिथे जो थांबला तो थांबलाच. घरच्या डॉक्टरला तो लागू नाही. रक्ततपासणी, औषधं, इस्पितळ यांना लागू. त्यामुळे नेदरलँड्समधल्या मराठी घरांत एक अजब हिशेब चालतो. यंदा गुडघ्याचं झालंच आहे, 385 संपलेत, तर मग डिसेंबरच्या आत एमआरआय उरकून घेऊ. आपल्याकडे आजारी पडायला मुहूर्त लागत नाही. इथे लागतो.

पंत याला वायफळ खर्चाचा ब्रेक म्हणतात. स्वतःच्या खिशातून गेलं की माणूस उगाच इस्पितळात जात नाही. आरोग्यावर सरकारचे वर्षाला शंभर अब्जांहून जास्त युरो जातात, ब्रेक नसेल तर गाडी जाईल कुठे? आईने विचारलं, "आणि ज्याच्या खिशातच नाही तो?" पंत म्हणाले, त्याला सरकार विम्यासाठी भत्ता देतं. म्हणजे सरकारनेच हप्ता सक्तीचा करायचा आणि मग तो भरता यावा म्हणून लाखो घरांना पैसे द्यायचे. आईने माझ्याकडे बघून म्हटलं, "मग द्राविडी प्राणायाम कशाला?" याचं भाषांतर मी केलं नाही.

खरं तर तिथे पंतांचा दुखरा भाग आहे. असाच एक भत्ता पाळणाघरासाठी होता. करखात्याने फॉर्ममधल्या किरकोळ चुकांवरून हजारो आईबापांना लबाड ठरवलं, सगळे पैसे परत मागितले, लोकांची घरं गेली, संसार मोडले. नियम दशांशापर्यंत पाळले गेले होते, माणसं तेवढी भरडली. पीटर ओम्टझिख्त आणि रेन्स्का लेइटन या दोन खासदारांनी वर्षानुवर्षं कागद उकरून हे बाहेर काढलं. तेही पंतच, पण कागदावरच्या आकड्यामागे कोण बसलंय ते बघणारे. 'न भूतो' म्हणावा असा अन्याय झाल्याचं डिसेंबर 2020 च्या चौकशी अहवालाने सांगितलं आणि जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान रुट्टे यांच्या सरकारने राजीनामा दिला. नंतर निवडणूक झाली, तेच रुट्टे पुन्हा पंतप्रधान झाले. सरकार जुळवायला 299 दिवस लागले. दिवसांचा हा आकडा पूर्णांकात आहे, याचं पंतांना बरं वाटतं.

जेवणं झाली आणि गाडी ऊर्जेवर आली. कारण साधं होतं. आमचं घर नवं. 1 जुलै 2018 नंतर परवानगी मागितलेल्या नव्या घरांना इथे गॅसची जोडणीच देत नाहीत. सगळं विजेवर. आईने मिरजेहून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीने ओळखला नाही, तिने फक्त एक केविलवाणी टूं केली. फुलका फुगेना. पापड भाजायचा कशावर? वांगं भरतासाठी बाल्कनीत बार्बेक्यू पेटवून भाजलं तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी धूर कसला म्हणून चिठ्ठी टाकली. आईने हे सगळं पंतांपुढे ठेवलं, आणि विचारलं की ज्या देशात इतका गॅस होता त्याने आपल्या बायकांना पापडाला महाग का करावं?

प्रश्न खोल होता. 1959 मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्टेरेन गावाजवळ गॅस सापडला, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. साठच्या दशकात सगळ्या देशाच्या चुली गॅसवर आल्या. सरकारला त्या साठ्यातून साडेतीनशे अब्ज युरोंहून अधिक उत्पन्न झालं. समुद्रापलीकडच्या नॉर्वेने तेलाचे पैसे फंडात टाकले. यांनी खर्च केले. रस्ते झाले, कल्याणकारी राज्य झालं, आणि एवढ्या सुबत्तेने बाकीचे उद्योग कसे आजारी पडतात यासाठी 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 1977 मध्ये 'डच रोग' हे नाव काढलं, ते आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मग जमीन हलायला लागली. 16 ऑगस्ट 2012 ला हाउझिंगे गावी 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेच्या माणसाला 3.6 म्हणजे कपबशीही हलणार नाही असं वाटेल. पण हे धक्के उथळ, खालची माती मऊ आणि घरं विटांची. भिंतींना टेकू लागले. लोक सांगत राहिले, आणि हेगमध्ये गॅस काढल्याने भरणारी तिजोरी दिसत राहिली. फेब्रुवारी 2023 मध्ये संसदीय चौकशी समितीचा अहवाल आला: ग्रोनिंगेनकरांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं. 1 ऑक्टोबर 2023 ला उत्पादन थांबलं, पुढल्या एप्रिलमध्ये कायद्याने कायमचं बंद झालं.

हे सांगताना पंत दशांश विसरले. फक्त 3.6 एवढाच आकडा त्यांनी बरोबर सांगितला.

पण ते लगेच सावरले, कारण आता वीज आली. वीज म्हणजे पंतांचं तारुण्य! समुद्रात पवनचक्क्या, छपरांवर सौरपट्ट्या, बोर्सेलेला 1973 पासून चालू असलेली अणुभट्टी, शेजारी आणखी उभारायचा बेत. आणि एवढं सगळं करून देशाची अडचण काय? तारांत जागा नाही. वीज आहे, पण वाहून न्यायची जाळीच भरली. हजारो कारखाने, शाळा, नव्या वस्त्या जोडणीसाठी रांगेत आहेत. मी पंतांना म्हटलं, आमच्याकडे तारा होत्या आणि वीज नव्हती, त्याला आम्ही लोडशेडिंग म्हणायचो. तुमच्या तारा आणि आमची वीज, नाही, उलट, आमच्या तारा आणि तुमची वीज एकत्र केली असती तर दोघांचं भागलं असतं. पंतांनी हे वहीत लिहून घेतलं आणि केबलचं अंतर विचारलं.

सौरपट्ट्यांची कथा तर अस्सल पंती. आधी सरकारने सांगितलं, बसवा. जेवढी वीज जाळ्यात द्याल तेवढी बिलातून वजा. लोकांनी धडाधड बसवल्या, आम्हीही बसवल्या. मग दुपारी सगळ्यांचीच वीज एकदम यायला लागली, भाव शून्याखाली जायला लागला आणि कंपन्या वीज परत देणाऱ्यालाच शुल्क लावू लागल्या. आता ती वजावट 1 जानेवारी 2027 पासून बंद. मी म्हटलं, "अहो पंत, आधी गूळ दिलात आणि आता कोपराला लावताय." ते म्हणाले, योजनेचं मूल्यमापन झालं होतं, ती यशस्वी ठरली, म्हणून बंद करावी लागली. हे ते हसत म्हणाले नाहीत.

2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे गॅस भडकला तेव्हाचं त्यांचं काम मात्र वाखाणण्यासारखं. 2023 साठी सरकारने भावाला झाकण घातलं: 1200 घनमीटरपर्यंत गॅस 1.45 युरो, 2900 युनिटपर्यंत वीज 40 सेंट. त्याच्यावर वापरलंत तर बाजारभाव. पंतांना विचारा, अजून तोंडपाठ आहे. सबंध देश त्या हिवाळ्यात स्वेटर घालून घरात बसला आणि मीटरकडे बघत राहिला. पंतांच्या घरी तापमापक सतरावर होता. दशांश पाच.

पंतांचं आवडतं हत्यार म्हणजे ठराव. वर्षाला हे दीडशे जण हजारोंनी ठराव मांडतात. मंगळवारी घंटा वाजते, सगळे धावत येतात आणि पक्षागणिक हात वर करून धडाधड निकाल लावतात. प्रत्येक ठरावाचा साचा ठरलेला. आईशी झालेल्या चर्चेनंतर पंतांनी काय मांडलं असेल याची मी कल्पना करतो: 'हे सभागृह, चर्चा ऐकून, नव्या घरांत फुलका फुगत नाही असं आढळून आल्यावरून, पापड भाजण्यास ज्वाळा लागते हे विचारात घेऊन, या खर्चाची तरतूद संबंधित खात्यातूनच करावी अशा अटीवर, सरकारला विनंती करते की ज्वालारहित फुगवणुकीच्या शक्यता तपासून वसंत ऋतूपूर्वी अहवाल द्यावा, आणि पुढील कामकाजाकडे वळते.' मंत्री म्हणाले असतील, सभागृहाने ठरवावं. 76 विरुद्ध 74 मतांनी मंजूर झाला असेल. अहवाल आला असेल. फुलका फुगला नसेल.

आता त्यांच्या दुःखाचं. 2023 ची निवडणूक आली. पंतांच्या पक्षाने जाहीरनामा नेमाने तपासायला दिला. गेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने तो दिलाच नाही. 385 युरो सरसकट रद्द करू, असं सांगितलं. 37 जागा मिळवून तो पक्ष पहिला आला. पंत आठवडाभर बोलले नाहीत. मग मे 2024 मध्ये युतीचा करार झाला. त्यात 'रद्द'चं झालं '2027 पासून 165 युरो'. कारण युतीच्या टेबलावर कुणीतरी विचारलंच असणार, डेक्किंग? हप्ता त्यामुळे वाढेल, हेही निघालं. जून 2025 मध्ये ते सरकारच पडलं. 385 जिथल्या तिथे. पंतांनी मला फोन करून एवढंच म्हटलं, "तक्ता चुकला नव्हता."

आणि हेच पंतांचं थोरपण आणि हीच त्यांची मर्यादा. त्यांचा तक्ता चुकत नाही. तक्त्यात नसलेला माणूस तेवढा चुकतो. ग्रोनिंगेनची भिंत तक्त्यात नव्हती, पाळणाघरवाल्या आया नव्हत्या, आणि सत्य सांगूनही मत न मिळणं तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. तरी मला विचाराल तर, शेरोशायरीने सुरू होणारा आणि पुरवणी मागण्यांनी संपणारा अर्थसंकल्प चाळीस वर्षं ऐकलेल्या माणसाला पंत प्यारेच वाटणार. भर सभेत उभं राहून 'पैसे कुठून?' असं स्वतःच्याच पक्षाला विचारणारा खासदार आमच्याकडे कुणी असेल तर त्याला पंचावन्न युरोंची शाल मी स्वखर्चाने देईन.

यादीत नंबर खाली गेला की पंतांची खासदारकी जाते. त्यात नाट्य काही नसतं. ते पिशव्यांतून कागद घरी नेतात आणि वर्षा-दोन वर्षांत कुठल्यातरी लहानशा गावाचे महापौर होतात. महापौर इथे निवडून येत नाही, नेमला जातो, आणि नेमायला पंतांसारखा माणूस बरा पडतो. मग ते गावचा अर्थसंकल्प बघतात. कचऱ्याच्या डब्यांचा खर्च, 0.3 टक्के वाढ.

इथे राहणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांकडे भारताचा पासपोर्ट आहे, म्हणून पंतांना संसदेत पाठवणं किंवा घरी बसवणं आपल्या हातात नाही. गावच्या नगरपरिषदेचं मात्र तसं नाही. सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं असेल, तर परदेशी नागरिकालाही तिथे मत देता येतं. मतदानाचं पत्र पोस्टाने घरी येतं, विम्याच्या आणि वीजबिलाच्या पाकिटांसारख्याच पाकिटात. न उघडता रद्दीत टाकू नका. आणि प्रचाराला कुणी दारात आला, तर पावसातून आलाय म्हणून त्याला चहा द्या, बिस्किटं दोन द्या, आणि तो काय काय करणार ते सांगून झालं की विचारा, पैसे कुठून?